येतो म्हटलं म्हणून काय झालं?

ताई,

मी 26 वर्षांची आहे. मूळ कोल्हापूर जिल्ह्यातली, तीन वर्षं झाली पुण्यात नोकरी करतो. एका मुलीवर माझं प्रेम आहे, तिचंही माझ्यावर आहे. दीड वर्ष झालं. ती डोंबिवलीची. तिच्यामुळं मी इथल्या आमच्यासारख्यांच्या एका ग्रुपमध्ये जायला लागलो. तिथं सगळे आपापली ओळख सांगतात, मी लेस्बियन, मी क्विअर (म्हणजे बाई-पुरुषाच्या चाकोरीत न बसणारे सगळेच), मी नॉन-बायनरी (म्हणजे ना धड बाई, ना पुरुष). माझी पाळी आली की मी नुसतं नाव सांगतो. बोलतो मात्र घरी बोलतो तसंच. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. आमच्याकडं बायका असंच बोलतात, माझी आईसुद्धा. पण एकीनं विचारलं, तुझे प्रोनाऊन्स ‘तो’ आहेत का, म्हणजे तुला ‘तो’ म्हणायचं का? दुसरी म्हणाली, ही बुच आहे, म्हणजे पुरुषी वळणाची लेस्बियन, केस बघा की, बोलणं बघा की. मी हसून सोडून दिलं, पण रात्री झोप लागेना. केस मी शाळेपासून बारीक ठेवतो, साडी मला नको वाटते. पण मी मुलगा आहे असं कधी वाटलेलं नाही. अगदी ‘बाई’ आहे असंही वाटत नाही. ‘लेस्बियन’ म्हणायला जीभ रेटत नाही, हॉस्टेलवर ती शिवी होती. ‘समलिंगी’ म्हटलं की दवाखान्यातला कागद वाटतो. मग मी कोण? काहीतरी लेबल घ्यायलाच पाहिजे का? आईला सांगायचं झालं तर कुठल्या शब्दांत सांगू? आणि चारचौघांत हिला काय म्हणू? मैत्रीण म्हटलं तर कुणालाच कळत नाही, गर्लफ्रेंड म्हटलं तर सगळ्यांनाच कळतं.

– आलो-गेलो

*

प्रिय आलो-गेलो,

तुझं पत्र छापायला गेलं तेव्हा मुद्रितशोधन करणाऱ्यांनी ‘जायला लागलो’च्या खाली रेघ मारून समासात ‘लागले?’ असं लिहून परत पाठवलं. मी रेघ खोडली. म्हणजे बघ, ग्रुपमधली ती मुलगी एकटी नाही. पुण्यात बसून मराठी वाचणाऱ्या कुणाच्याही कानाला तुझं वाक्य अडखळतंच.

पण अडखळणं त्या कानाचं आहे. कोल्हापूरकडच्या बायका बांधावरून ‘आलो की गं’ म्हणून ओरडतात तेव्हा त्यांच्या बाईपणाबद्दल कुणालाही शंका येत नाही. नागपूर-वऱ्हाडाकडेही ‘मी जातो’ म्हणणाऱ्या आज्या भेटतात. तिकडे गोव्यात नि मालवणात जा, मुलगी चक्क नपुंसकलिंगी असते, ‘तें चेडूं’, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. प्रमाण मराठीतसुद्धा ‘पोर’ हा शब्द तो पोर, ती पोर आणि ते पोर असा तिन्ही लिंगांत चालतो. शाळेत ‘लिंग ओळखा’ असा प्रश्न यायचा आणि अख्खा वर्ग खिदळायचा, आठवतं? बाईंनी त्यात एक गोष्ट सांगितली नाही, की आपण जे ओळखत होतो ते शब्दाचं लिंग होतं. भिंत स्त्रीलिंगी आणि दरवाजा पुल्लिंगी, म्हणून भिंतीला काही वाटतं का?

तेव्हा पहिली गोष्ट. तू ‘येतो’ म्हणतेस ती तुझ्या आईची बोली आहे. ती तुला लहानपणी भाकरीबरोबर मिळालेली आहे. तिच्यावरून तुझी ओळख काढणं म्हणजे कुणी हेल काढून बोललं की त्याला गाण्याच्या क्लासला घालण्यासारखं आहे.

आता दुसरी बाजू. ज्यांना घरात, शाळेत ‘आले, गेले’ असं बोलायला शिकवलं गेलं आणि ज्यांनी पुढे जाणूनबुजून ‘आलो, गेलो’ घेतलं, अशी माणसंही आहेत. ट्रान्स पुरुष आहेत, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले पण पुरुष असलेले, आणखीही काही आहेत. त्यांच्यासाठी ‘ले’चा ‘लो’ करणं फार महाग पडतं. त्या एका स्वरापायी घर सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून प्रोनाऊन्स विचारणाऱ्या मुलीवर मी रागावणार नाही. तिनं विचारलं. तू ‘नाही गं, आमच्याकडं असंच बोलतात’ म्हणाली असतीस तर विषय संपला असता, आणि चार शहरी मुलींना मराठीच्या नकाशाचा एक कोपरा दिसला असता. मला खटकली ती दुसरी. ‘ही बुच आहे’ म्हणणारी. तिनं विचारलं नाही, शिक्का मारला.

बुच या शब्दाला इतिहास आहे, आणि तो केसांच्या लांबीपेक्षा बराच मोठा आहे. अमेरिकेत 1940-50 च्या दशकांत कामगार वस्त्यांतल्या बारमध्ये बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका भेटत. त्यांतल्या काही पुरुषी कपड्यांत वावरत, त्या बुच. काही लिपस्टिक लावून, झगा घालून येत, त्या फेम. बारवर पोलिसांच्या धाडी पडत आणि मार बहुतेकदा आधी बुच बाईला बसे, कारण ती लांबूनच ओळखू येई. म्हणजे तो शब्द त्या काळी अंगावर घेण्याचा होता. 1970 च्या दशकात स्त्रीवादी चळवळीतल्या अनेकींनी नाक मुरडलं. ही तर नवरा-बायकोचीच नक्कल, म्हणाल्या. 1980 च्या दशकात बुच आणि फेम बायकांनी उलट सुनावलं, की आमचं काय ते आम्हाला ठाऊक, नक्कल म्हणायला तुम्ही आमच्या घरात राहता का? कृष्णवर्णीय अमेरिकन बायकांनी आपला वेगळा शब्द काढला, ‘स्टड’. थायलंडमध्ये ‘टॉम’ आणि ‘डी’ आहेत, टॉमबॉयमधला टॉम आणि लेडीमधली डी. तैवानमध्ये ‘टी’ आणि ‘पी’, त्यातला पी म्हणजे ‘पो’, बायको. जिथे तिथे बायकांनी आपल्या गरजेनं शब्द घडवले, उसने घेतले, वाकवले. ज्या बाईला तो शब्द अंगाला बसला तिनं तो आनंदानं घातला. पण तो मापाला लावून तू घ्यायचास. ग्रुपमधल्या कुणी तुझ्या खांद्यावर टाकून ‘बघा, बसला’ म्हणायचं नाही.

तुला हा शब्द आवडला तर घे बरं का. बारीक केसांच्या, शर्ट-पँटीतल्या, आणि तरी मुलगा होण्याची इच्छा नसलेल्या बायकांना त्यात फार ऐसपैस जागा आहे. ‘मी मुलगा नाही, पण अगदी बाईही नाही’ हे तुझं वाक्य अनेक बुच बायका मनातल्या मनात म्हणत आल्या आहेत. तेच वाक्य आजची दुसरी एखादी ‘मी नॉन-बायनरी’ म्हणून सांगेल. दोघींचं खरं. शब्द वेगळे असले तरी त्यांच्या घरांची भिंत एकच आहे. मुंबईच्या लेबिया या गटानं 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या 50 जणांशी बोलून केलेला, आणि तोसुद्धा हेच दाखवतो की विचारायला बसलं की बाई-पुरुष हे दोन रकाने पुरत नाहीत. तेव्हा तू जगावेगळी नाहीस. रकाने कमी आहेत.

त्यात मराठीतला ‘बाई’ हा शब्द आणखी घोळ घालतो. शाळेतल्या बाई, कामाला येणारी बाई, ‘बाईमाणूस आहे, रात्रीची कशाला जातेस’ मधली बाई, आणि ‘अगं बाई!’ मधली. तुला यांतली कुठली बाई व्हायचं नाहीये? साडी, मंगळसूत्र, खाली मान, चार पाहुण्यांचा चहा, हे नको असेल तर त्या कामगिरीला नकार आहे. तो लाखो बायका देतात, त्यांतल्या बहुतेकींना पुरुषच आवडतात. पण कुणी नसताना, आरशासमोरही ‘बाई’ हा शब्द उपरा वाटत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याशी सावकाश बोलावं लागेल. मला पत्रावरून सांगता येत नाही. तुलाही लगेच सांगता येईल असं नाही. त्यासाठी झोप घालवू नकोस, हे प्रश्न दिवसासुद्धा विचारता येतात.

आता ‘लेस्बियन’. हॉस्टेलवर ती शिवी होती म्हणतेस. माझ्या वेळच्या हॉस्टेलवर तो शब्दच नव्हता, ‘तसल्या’ म्हणायचे. मी तो पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत पाहिला 1998 च्या डिसेंबरात. दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमावरून मुंबईत, दिल्लीत थिएटरांची मोडतोड झाली होती आणि त्याविरुद्ध दिल्लीत रीगल थिएटरसमोर मेणबत्त्या घेऊन लोक उभे राहिले. त्यांत एका फलकावर लिहिलं होतं की आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत. त्याचा फोटो मी कितीतरी दिवस कपाटात साडीच्या घडीत ठेवला होता. गंमत म्हणजे त्या सिनेमातली एक बाई दुसरीला सांगते की आपण जे आहोत त्यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही, आणि हे ती इंग्रजीत सांगते.

लेस्बियन हे मुळात गावावरून पडलेलं नाव आहे. ग्रीसमध्ये लेस्बोस नावाचं बेट आहे. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे सॅफो नावाची कवयित्री होऊन गेली, तिच्या कवितेत बायकांवरचं प्रेम आहे, म्हणून ते बेट आपल्या वाट्याला आलं. बेटावर राहणाऱ्यांना आजही लेस्बियन म्हणजे ‘लेस्बोसचे रहिवासी’ असाच अर्थ लागतो. 2008 मध्ये तिथल्या तिघांनी अथेन्सच्या कोर्टात दावा लावला होता, की समलिंगी लोकांच्या संघटनेला हा शब्द वापरायला बंदी करा, आमच्या गावाचं नाव आहे. कोर्टानं तो फेटाळला. तुला हे समजायला जड जाऊ नये. ‘कोल्हापुरी’ म्हटल्यावर समोरचा चपलेकडे बघतो, मिसळीकडे बघतो की तुझ्याकडे? तिन्ही नांदतात ना सुखानं?

‘समलिंगी’बद्दल तुझ्याशी सहमत आहे. अर्थ बरोबर, पण जेवणाच्या ताटावर उच्चारता येत नाही, त्या ‘लिंग’ शब्दापायी. व्याकरणाच्या तासाला जे खिदळत होते तेच मोठे होऊन शेजारी बसलेले असतात. शिवाय समलिंगी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन पुरुष येतात. असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वर वर्षानुवर्षं वाद झाला, 2018 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं, पण त्या सगळ्या चर्चेत बायका शेवटच्या ओळीत असायच्या. म्हणून मला ‘लेस्बियन’ जपावासा वाटतो. तो परका असला तरी त्यात बायका पहिल्या ओळीत आहेत.

लेबल घ्यायलाच पाहिजे का, या तुझ्या प्रश्नावर हल्ली एक झकपक उत्तर मिळतं. माणसांना लेबलं कशाला, लेबलं बरण्यांना लावतात! हे मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांतल्या बहुतेकांच्या बरणीला कधी कुणी हात लावलेला नव्हता. बरणीवर चिठ्ठी नसली की मिठाच्या जागी साखर पडते, हे स्वयंपाकघरात राबणाऱ्याला विचारा. रात्री दोन वाजता एखादी मुलगी मोबाईलवर काहीतरी शोधते तेव्हा तिच्याकडे शब्द असावा लागतो, नाहीतर तिला दुसरी कुणी सापडत नाही. कोर्टात शब्द लागतो. 2021 मध्ये मद्रास हायकोर्टासमोर घरच्यांपासून संरक्षण मागायला दोन तरुणी आल्या. त्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आधी स्वतः हा विषय समजून घेण्यासाठी समुपदेशकाकडे सत्र घेतलं, आणि मग निकाल दिला. तिथूनच तमिळमध्ये आदरानं बोलण्यासाठी शब्दांची यादी करण्याचं काम सुरू झालं आणि 2022 मध्ये तमिळनाडू सरकारनं ती राजपत्रात छापली. राजपत्रात, जिथं जमिनीच्या भूसंपादनाच्या नोटिसा येतात तिथं! आपल्याकडे मराठीत असं काही झालं तर मी पेढे वाटेन. तोवर आपण आपले तुझ्या-माझ्यासारख्यांनी पत्रांतून शब्द घासूनपुसून बघायचे.

तर, लेबल हे कामाचं हत्यार आहे. लागेल तेव्हा घे, काम झालं की खुंटीला लाव. मी गेल्या तीस वर्षांत तीन शब्द वापरले. आधी ‘गे’ म्हणायचे, कारण तेवढाच माहीत होता. मग ‘लेस्बियन’, आणि तो अजून आहे. मधे काही वर्षं ‘क्विअर’ म्हणत होते, पण पुढे त्यात इतकी गर्दी झाली की मला माझीच मैत्रीण दिसेना, म्हणून मी बाजूला झाले. कुणी दुसरीनं तिथे राहावं, माझी हरकत नाही. आणि रोजच्या वापरात या तिन्हीपेक्षा कामाला आलेला शब्द अगदी घरचा आहे, ‘दोघी’. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना आम्ही ‘आम्ही दोघी’ म्हणून सांगतो. इंग्रजीला हे जमायचं नाही, तिथे दोनाला लिंग नसतं. मराठीत आकड्यानंच गौप्यस्फोट होतो. ऐकणाऱ्याला ऐकायचं असेल तर त्यात सगळं आहे.

चारचौघांतला तुझा प्रश्न इथेच सुटतो असं मला वाटतं. ‘माझी जोडीदार’ म्हण. जोडीदार शब्द बाईलाही चालतो, पुरुषालाही, पण आधीचं ‘माझी’ सगळं सांगून टाकतं. जिथं सांगायचं नसेल तिथं ‘माझा’ म्हणून खोटं बोलू नकोस, ते पुढे निस्तरता येत नाही. त्यापेक्षा ‘आम्ही एकत्र राहतो’ म्हण. ‘पार्टनर’ म्हणशील तर कोल्हापुरात विचारतील, कशाचा धंदा? आणि ‘बायको’ म्हणायची हौस असेल तर घरात म्हणा, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं लग्नाचा हक्क दिलेला नाही. त्यामुळे बँकेत, हॉस्पिटलात त्या शब्दाला वजन नाही. तिथे नॉमिनेशन, मृत्युपत्र असले कोरडे कागद करून ठेवा. ‘तुमच्यात नवरा कोण?’ हा प्रश्नही कधीतरी येईलच. आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे, ‘गॅस सिलेंडर जी उचलेल ती, आणि तो दोघी मिळून उचलतो.’

आता आई. तिच्यापुढे तू एकही नाम ठेवू नकोस. लेस्बियन नको, समलिंगी नको, बुच तर नकोच. नाम ऐकलं की आई ते घेऊन शेजारी जाणार, भावाला विचारणार, भाऊ मोबाईलवर शोधणार, आणि संध्याकाळपर्यंत तुझ्याबद्दल भलत्याच माणसाचं म्हणणं घरात येऊन बसलेलं असणार. क्रियापदात सांग. मराठी क्रियापदं या कामाला फार चांगली आहेत. ‘मला ती आवडते’ यात तू कोण, बाई की बाप्या, याचा पत्ता लागत नाही. आवडणारी ती आहे एवढंच कळतं. ‘मला तिच्याबरोबर राहायचंय.’ ‘मी तिच्याबरोबरच राहणार.’ यांत ना ‘लो’, ना ‘ले’. जे सांगायचंय ते नेमकं सांगितलं जातं आणि जे तुझं तुलाच अजून ठरलेलं नाही ते उघडं पडत नाही.

आई विचारेल, ‘बहिणीसारख्या राहणार काय?’ तिथे हो म्हणण्याचा मोह होईल. करू नकोस. तो हो पुढची दहा वर्षं तुला पुरून उरेल, दर दिवाळीला तुझ्यासाठी स्थळ येईल आणि हिच्यासाठीही. ‘नाही आई, जोडप्यासारखं’ एवढं म्हण आणि गप्प बस. तिला वेळ लागेल. तुला स्वतःला 26 वर्षं लागली आहेत.

पण हे सांगण्याआधी आधारकार्ड, पॅनकार्ड, सर्टिफिकेटं पुण्यात आण, पगाराचं खातं फक्त तुझ्या नावावर असू दे, आणि गावाहून रात्रीच्या एसटीनं निघायची वेळ आली तर कुणाकडे उतरशील ते ठरवून ठेव. तुझ्या घरचे तसे नसतीलही. तरी ठरव. आणि कुणी ‘डॉक्टरकडून बरं करून घेऊ’ म्हणालं तर माहीत असू दे, की बरं करण्याच्या नावाखाली केले जाणारे असले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. हे आईला सांगायचं नाही, डॉक्टरला सांगायचं.

ग्रुपमध्ये पुढच्या वेळी तुझी पाळी आली की पूर्वीसारखं नुसतं नाव सांगितलंस तरी चालेल. कुणी अडवलं तर म्हण, ‘मी बायकांवर प्रेम करतो, कोल्हापूरचा आहे म्हणून करतो म्हणतो, बाकी कळलं की कळवतो.’ ‘कोल्हापूरचा’ नको वाटलं तर ‘कोल्हापूरची’ म्हण. दोन्ही म्हणून बघ, कुठलं म्हणताना खांदे सैल पडतात ते तुझं तुला कळेल.

आणि त्या डोंबिवलीच्या पोरीला गावी न्यायच्या आधी थोडी शिकवणी दे. तुझी आई तिला पहिल्याच दिवशी विचारणार, ‘जेवलीस काय गं?’ ती ठसक्यात म्हणणार, ‘हो, जेवले.’ आणि चुलीपाशी बसलेल्या चौघी तोंडाला पदर लावून हसणार, की ही अशी काय बोलालीया.